रॉस २ साठी उबुंटूची कोणती आवृत्ती घ्यावी? आधी रोबो बघा, मग ऑपरेटिंग सिस्टिम

रात्री साडेअकराला फोन आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्टचा रिव्ह्यू. "दादा, दोन तास झाले, पॅकेज सापडत नाही म्हणतंय. व्हिडिओत दाखवलंय तस्संच टाइप केलंय."

"उबुंटू कुठलं टाकलंस?"

"एकदम नवीन. चोवीस पॉइंट झिरो चार."

"आणि व्हिडिओत रॉस कुठलं आहे?"

पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो हळूच म्हणाला, "हंबल."

उबुंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि रॉस हा तिच्यावर बसणारा, रोबो चालवायचा सॉफ्टवेअरसंच. त्याच्या दुसऱ्या पिढीची, म्हणजे रॉस २ ची, हंबल ही आवृत्ती उबुंटू २२.०४ साठी बांधलेली आहे. २४.०४ साठीच्या भांडारात, म्हणजे तयार पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यात, हंबलचं एकही तयार पॅकेज नाही, त्यामुळे 'अनेबल टू लोकेट पॅकेज' हे उत्तर अगदी खरं होतं. त्या मुलाने टाइप केलेली एकही ओळ चुकलेली नव्हती. चूक आठवडाभर आधी झाली होती, पेनड्राइव्हवर आयएसओ, म्हणजे उबुंटू टाकायची फाइल, घेताना. त्या रात्री आम्ही डॉकर (एका उबुंटूच्या आत दुसरी आवृत्ती चालवायचं साधन) वापरून वेळ निभावली, पण त्याची झोप गेली ती गेलीच.

असा फोन मला दर सत्राला येतो. विद्यार्थी हुशार असतात, मेहनती असतात, पण क्रम उलटा लावतात. आधी लॅपटॉपवर मिळेल ते सर्वांत नवं उबुंटू, मग त्यावर रॉस, मग रोबो. म्हणजे आधी कळस, मग पाया. खरा क्रम असा: तुमच्या साहित्यातला सर्वांत हट्टी भाग कोणता ते शोधायचं, तो ज्या आवृत्तीवर चालतो तिला बांधलेलं रॉस घ्यायचं, आणि लॅपटॉपवरचं उबुंटू सगळ्यात शेवटी ठरवायचं. लॅपटॉप कसाही वळवता येतो, पण रोबोच्या पाठीवर बसलेला बोर्ड वळत नाही.

ही जोडी इतकी घट्ट का?

रॉस हे नाव ऑपरेटिंग सिस्टिमचं असलं तरी ती स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम नाही. लिनक्सवर बसणारा तो लायब्ररी, साधनं आणि संदेशवहन यांचा मोठा संच आहे. आपण एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज उतरवायच्या साधनाने) तो उतरवतो तेव्हा सोर्स कोड येत नाही, आधीच बांधून तयार असलेल्या फाइली येतात. त्या विशिष्ट उबुंटूवरच्या विशिष्ट सी लायब्ररीला, विशिष्ट पायथनला आणि ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीच्या विशिष्ट आवृत्तीला जोडलेल्या असतात.

पायथनचंच बघा. उबुंटू २०.०४ मध्ये पायथन ३.८ आहे, २२.०४ मध्ये ३.१० आणि २४.०४ मध्ये ३.१२. रॉसचा पायथन भाग आतून सी आणि सी++ मधून बांधलेल्या मॉड्यूलवर उभा आहे. हंबलच्या फोल्डरमध्ये जाऊन त्या मॉड्यूलचं फाइलनाव वाचलंत तर त्यातच 'सीपायथन-३१०' असं लिहिलेलं दिसेल. पायथन ३.१२ अशा फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून 'पॅकेज ओढूनताणून बसवू, चालेल काहीतरी' हा उपाय इथे लागू पडत नाही. तसं बसवलेलं रॉस कधी इम्पोर्टच्या ओळीवर मरतं, तर कधी त्याहून वाईट होतं: रोबो चालायला लागल्यावर मध्येच मरतं.

रॉस २ ची नवी आवृत्ती साधारणपणे दरवर्षी मेमध्ये येते. २३ मे हा जागतिक कासव दिन, आणि कासव हे रॉसचं लाडकं चिन्ह, म्हणून बऱ्याच आवृत्त्या त्याच तारखेला आल्या. नावं इंग्रजी वर्णक्रमाने पुढे सरकतात: फॉक्सी, गॅलॅक्टिक, हंबल, आयर्न, जॅझी, किल्टेड. हंबलपासून सम वर्षातली आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, विषम वर्षातली साधारण दीड वर्ष. उबुंटूचं दीर्घ मुदतीचं प्रकाशनही सम वर्षाच्या एप्रिलमध्येच येतं, २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल. एप्रिलमध्ये उबुंटू आणि मेमध्ये त्यावर बसणारं रॉस, असा हा मेळ आहे.

कामाला लागणाऱ्या जोड्या या:

उबुंटू १८.०४ – रॉस १ चं मेलोडिक. मुदत २०२३ मध्ये संपली.
उबुंटू २०.०४ – रॉस १ चं नोएटिक आणि रॉस २ चं फॉक्सी. फॉक्सी जून २०२३ मध्ये संपलं, नोएटिक ३१ मे २०२५ ला.
उबुंटू २२.०४ – हंबल, मे २०२७ पर्यंत. आयर्नही याच उबुंटूवर होतं, ते २०२४ च्या अखेरीस संपलं.
उबुंटू २४.०४ – जॅझी, मे २०२९ पर्यंत. किल्टेडही याच्यावर, पण त्याची मुदत २०२६ च्या अखेरपर्यंतच.

नोएटिक ही रॉस १ ची शेवटची आवृत्ती होती. नवं काम रॉस १ मध्ये सुरू करू नका, मार्गदर्शक सरांकडे जुना तयार कोड असला तरीही. ते मन मोडणं अवघड असतं, मला माहीत आहे, पण तुम्ही पास होऊन बाहेर पडाल तेव्हा मुलाखतीत रॉस २ बद्दलच विचारणार आहेत.

पायरी १: सर्वांत हट्टी भाग शोधा

एक कोरा कागद घ्या. रोबोवर आणि रोबोभोवती जे काही आहे ते सगळं लिहा: मुख्य बोर्ड, लायडार (लेझरने अंतर मोजणारं साधन), कॅमेरा, मोटर कंट्रोलर, आर्म म्हणजे रोबोचा यांत्रिक हात असेल तर तो, आणि लॅपटॉप. प्रत्येकासमोर 'कुठल्या उबुंटूवर नक्की चालतं' हे लिहायचं आहे. हे विक्रेत्याने सांगितलं म्हणून लिहू नका, उत्पादकाच्या कागदपत्रांत शोधा.

एनव्हिडियाचा जेट्सन (रोबोवर बसणारा, ग्राफिक्स चिप असलेला छोटा संगणक) बोर्ड असेल तर बहुतेक वेळा तोच हट्टी निघतो. त्यावर आपल्या मनासारखं उबुंटू टाकता येत नाही. एनव्हिडिया जेटपॅक नावाचा संच देते आणि उबुंटू त्याच्यासोबत ठरूनच येतं. जेटपॅक ४ म्हणजे १८.०४, जेटपॅक ५ म्हणजे २०.०४, जेटपॅक ६ म्हणजे २२.०४. जेटपॅक ७ ची सुरुवात २०२५ मध्ये जेट्सन थॉरपासून झाली, ते २४.०४ वर आहे.

इथे नावाचा एक सापळा आहे. 'जेट्सन नॅनो' आणि 'जेट्सन ओरिन नॅनो' हे दोन पूर्ण वेगळे बोर्ड आहेत. जुना नॅनो जेटपॅक ४.६ च्या पुढे जातच नाही, म्हणजे तो कायमचा १८.०४ वर आणि कुडा (ग्राफिक्स चिपवर, म्हणजे जीपीयूवर, आकडेमोड करायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) १०.२ वर अडकलेला आहे. ओरिन नॅनो जेटपॅक ६ घेतो, म्हणून त्यावर २२.०४ आणि हंबल सरळ चालतं. झेवियर मालिकेतले बोर्ड जेटपॅक ५ वर थांबतात. सेकंडहँड बाजारात किंवा सीनियरकडून स्वस्तात नॅनो मिळत असेल तर पैसे देण्याआधी बोर्डवरचं पूर्ण नाव वाचा. जुना नॅनो घरात आलेलाच असेल तर त्यावर रॉस २ डॉकरमध्ये चालवता येतं, पण जीपीयूच्या कामात कुडा १०.२ ची मर्यादा राहतेच. नवख्या टीमने पहिलं वर्ष त्यात घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डाच्या संगणकाचं गणित सोपं आहे. पाय ४ वर उबुंटू २२.०४ आणि २४.०४ दोन्ही चालतात. पाय ५ वर २२.०४ सुरूच होत नाही, कारण त्या बोर्डाचा आधार उबुंटूत २३.१० पासून आला. म्हणून पाय ५ हातात असेल तर थेट २४.०४ आणि जॅझी घ्या. हंबलच हवं असेल तर ते डॉकरमध्ये चालवा. दोन्हीवर ६४ बिटचंच उबुंटू घ्या. ३२ बिटसाठी रॉस २ ची तयार पॅकेजेस मिळत नाहीत. रास्पबेरी पाय ओएस डेबियनवर आधारलेली आहे, तिच्यावरही अधिकृत तयार पॅकेजेस नाहीत. आणि फितीने जोडायचा पायचा कॅमेरा उबुंटूवर सहज चालेलच असं नाही. घाई असेल तर साधा यूएसबी वेबकॅम लावा आणि पुढच्या कामाला लागा.

औद्योगिक आर्म असेल तर आणखी एक अट येते: ठरलेल्या वेळेत उत्तर देणारं रिअलटाइम कर्नल (कर्नल म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा). फ्रँका आर्मला तसं कर्नल लागतं. एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर मात्र अशा कर्नलवर अधिकृतपणे चालत नाही. एकाच मशीनवर आर्मचं नियंत्रण आणि जीपीयूवरचं न्यूरल नेटवर्क दोन्ही करायचा बेत असेल तर तो कागदावरच अडतो, आणि कागदावर अडलेला बरा. अशा वेळी दोन मशीन ठेवा.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर तोही हट्ट धरतो. जुन्या कर्नलला नवी वायफाय चिप ओळखता येत नाही. उपाय असा की २२.०४ ची पहिली आयएसओ घेण्याऐवजी शेवटची, म्हणजे २२.०४.५ घ्या. तिच्यात ६.८ कर्नल येतं, पण बाकी सगळं २२.०४ चंच राहतं, त्यामुळे हंबलला काही फरक पडत नाही.

पायरी २: लागणारी पॅकेजेस त्या रॉसमध्ये आहेत का?

बोर्डाने दिशा दिली की पॅकेजेसची यादी करा. नकाशा आणि मार्ग शोधण्यासाठी नॅव्ह२, आर्मसाठी मूव्हइट २, लायडारचा ड्रायव्हर, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, सिम्युलेटर (संगणकातच आभासी रोबो चालवायचं सॉफ्टवेअर). रॉस इंडेक्स या अधिकृत सूचीत प्रत्येक पॅकेजच्या पानावर रॉसच्या कोणत्या आवृत्तीत ते प्रकाशित झालंय हे दिसतं. गिटहबवर 'जॅझी' नावाची शाखा असणं आणि पॅकेज जॅझीत प्रकाशित झालेलं असणं यांत मोठा फरक आहे. पहिल्यात तुम्हाला स्वतः बांधावं लागतं, आणि अडलं तर स्वतःच सोडवावं लागतं.

सिम्युलेटरकडे थोडं जास्त लक्ष द्या. सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो, आणि त्याचं कारण नावं आहेत. गझिबो हा रॉससोबतचा नेहमीचा सिम्युलेटर. जुना गझिबो, ज्याला आता गझिबो क्लासिक म्हणतात, त्याची ११ ही शेवटची आवृत्ती होती. तिचा आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला. त्याच्या जागी आलेला नवा सिम्युलेटर काही वर्षं 'इग्निशन' या नावाने ओळखला जायचा, आणि २०२२ मध्ये त्यालाच पुन्हा गझिबो हे नाव दिलं. त्यामुळे 'गझिबो' असं शोधलं की दोन वेगळ्या सॉफ्टवेअरचे धडे एकत्र समोर येतात.

हंबलसोबत गझिबो फोर्ट्रेस जातं, जॅझीसोबत हार्मोनिक. २२.०४ वर क्लासिकही टाकता येतं, २४.०४ च्या भांडारात ते नाही. एखादा धडा कुठल्या काळातला आहे ते त्याच्या लाँच फाइलवरून (सगळे प्रोग्राम एकत्र सुरू करणाऱ्या फाइलवरून) कळतं. त्यात 'गझिबो अंडरस्कोर रॉस' दिसलं तर तो क्लासिकचा. 'रॉस अंडरस्कोर इग्न' दिसलं तर मधल्या काळातला, आणि 'रॉस अंडरस्कोर जीझेड' असेल तर आजचा. मुलांना मी व्हिडिओ सुरू करायच्या आधी ही एक ओळ शोधायला सांगतो. तीस सेकंद लागतात, आणि शनिवार-रविवार वाचतो.

स्पर्धेसाठी तयारी करत असाल तर हा सगळा विचार तुमच्यासाठी आयोजकांनी केलेला असतो. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्रसारख्या स्पर्धेत उबुंटू आणि रॉस कोणतं ते कामासोबत दिलेलं असतं. तिथे आपलं डोकं लावून 'एक आवृत्ती पुढची' घेऊ नका. तपासणारी प्रणाली दिलेल्या आवृत्तीवरच चालते.

पायरी ३: मुदत मोजा

प्रोजेक्ट किती दिवस चालणार हे स्वतःला विचारा. एका सत्राचं काम असेल आणि हार्डवेअर २२.०४ वर बसत असेल तर हंबल आजही उत्तम आहे. धडे भरपूर आहेत, आणि तुमची अडचण आधी कुणालातरी आलेली असते. पण पीएचडी किंवा दोन-तीन वर्षं चालणारं उत्पादन असेल तर मे २०२७ ही तारीख फार जवळ आहे, जॅझी घ्या. लॅपटॉप आणि पाय ५ एवढंच साहित्य असलेल्या नवशिक्यालाही मी जॅझीच सांगतो.

कमी मुदतीच्या विषम वर्षातल्या आवृत्त्या विद्यार्थ्यांनी टाळाव्यात. नव्या सुविधा आधी वापरून बघणाऱ्यांसाठी त्या चांगल्या आहेत, पण दीड वर्षात जमीन पायाखालून सरकते. उबुंटूच्या २३.१० किंवा २५.०४ सारख्या मधल्या आवृत्त्या तर रॉससाठी घेऊच नका. त्यांचा आधार नऊ महिन्यांचा असतो आणि त्यांच्यासाठी रॉस २ ची तयार पॅकेजेस बनत नाहीत.

नवीकोरी दीर्घ मुदतीची जोडी बाहेर पडली की लगेच उडी मारायची का? मी काही महिने थांबतो. गाभा पहिल्या दिवशी तयार असतो, पण लायडार आणि कॅमेऱ्याचे ड्रायव्हर, आर्म उत्पादकांची पॅकेजेस मागून येतात. ती आली की जा.

रॉसच्या कागदपत्रांत प्लॅटफॉर्मच्या तीन श्रेणी दिलेल्या असतात. 'रेप २०००' या दस्तऐवजात त्या सापडतील. पहिल्या श्रेणीतल्या प्लॅटफॉर्मवर प्रत्येक बदलाची चाचणी होते, आणि तिथे काही मोडलं तर ते आधी दुरुस्त होतं. तिसऱ्या श्रेणीत बांधून चालल्याच्या बातम्या असतात, हमी नसते. हंबलसाठी २२.०४ पहिल्या श्रेणीत आहे, २०.०४ आणि मॅकओएस तिसऱ्या. जॅझीसाठी २४.०४ पहिल्या, २२.०४ तिसऱ्या. 'सोर्समधून बांधलं की चालतं' असं कुणी सांगितलं तर श्रेणी बघा आणि मग ठरवा.

पायरी ४: ते उबुंटू कुठे टाकायचं?

खरा रोबो चालवायचा असेल तर ड्युअल बूट. लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटूला स्वतंत्र जागा द्या, निदान ८० ते १०० जीबी. सिम्युलेटरची मॉडेलं आणि डॉकर इमेज जागा भराभर खातात. सुरुवात करण्याआधी विंडोजमध्ये तीन गोष्टी करा. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर पार्टिशन बदलल्यावर विंडोज ती मागतं आणि आपण बघत बसतो. फास्ट स्टार्टअप बंद करा. आणि घरातल्या इतरांच्या फोटोंसकट सगळ्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि सिक्युअर बूट दोन्ही असतील तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तो पुन्हा द्यावा लागतो. तो पडदा घाबरून ओलांडून जाऊ नका, नाहीतर ड्रायव्हर चालू होत नाही.

विंडोजच्या आतलं डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोज न सोडता लिनक्स चालवायची सोय, शिकण्यासाठी छान आहे. नोड (एकमेकांशी बोलणारे रॉसचे छोटे प्रोग्राम) लिहिणं, संदेश पाठवणं, विंडोज ११ वर सिम्युलेटरची खिडकी उघडणं, हे सगळं जमतं. टाकताना मात्र नाव आकड्यासकट निवडा: 'उबुंटू-२२.०४' किंवा 'उबुंटू-२४.०४'. नुसतं 'उबुंटू' निवडलं तर ताजी दीर्घ मुदतीची आवृत्ती येते, आणि वरच्या मुलासारखी गत होते. अडचण खऱ्या हार्डवेअरला येते. यूएसबीचं साधन आत न्यायला वेगळं साधन लागतं. शिवाय मूळ मांडणीत डब्ल्यूएसएल वेगळ्या नेटवर्कच्या आड असल्यामुळे बाहेरच्या रोबोवरचे नोड त्याला दिसत नाहीत. विंडोज ११ मध्ये 'मिरर्ड' नेटवर्क लावून बरंच सुटतं, पण रिव्ह्यूच्या आदल्या रात्री ते करायला जाऊ नये.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, माझ्या मते शेवटचा पर्याय. त्रिमितीय चित्रण तिथे अडखळतं आणि गझिबो दर सेकंदाला दोन-चार फ्रेमवर रांगतो. ॲपलच्या एम मालिकेचा मॅक असेल तर मात्र तोच सोयीचा मार्ग. तिथे 'आर्म' जातीच्या प्रोसेसरसाठीचं (रोबोच्या आर्मशी याचा संबंध नाही) ६४ बिटचं उबुंटू घ्यायचं. इंटेलसाठीची आयएसओ घेऊन बसलात तर ती कासवाच्या चालीने चालेल.

डॉकरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आवृत्त्यांच्या भांडणात तोच तह घडवतो. मशीनवर २४.०४ असताना आत हंबलचं कंटेनर, म्हणजे स्वतःचं उबुंटू आणि रॉस असलेला बंद डबा, चालवता येतं, किंवा जुन्या रोबोसाठी नोएटिकचं. रॉसच्या अधिकृत इमेज उपलब्ध आहेत. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं. आतलं उबुंटू कुठलंही असो, कर्नल आणि त्याचे ड्रायव्हर बाहेरच्या मशीनचेच. एखादा डेप्थ कॅमेरा कर्नलमध्ये बदल मागत असेल तर तो बदल बाहेर करावा लागेल. यूएसबी पोर्ट कंटेनरला वेगळं देऊन ठेवावं लागतं. रोबोशी बोलायचं असेल तर कंटेनर बाहेरच्या मशीनच्याच नेटवर्कवर चालवा, नाहीतर नोड एकमेकांना शोधत नाहीत.

पायरी ५: टाकताना

टर्मिनल उघडून सिस्टिमचं सांकेतिक नाव बघा. २२.०४ साठी 'जॅमी' आणि २४.०४ साठी 'नोबल' दिसायला हवं. उबुंटूवरच बेतलेलं लिनक्स मिंट वापरत असाल तर तिथे 'व्हर्जिनिया' किंवा 'विल्मा' असं काही दिसेल. रॉसच्या भांडारात या नावाचं काही नाही, म्हणून थेट कॉपी केलेली ओळ ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', अशी चूक देते. मिंट २१ हे जॅमीवर आणि मिंट २२ हे नोबलवर उभं आहे, भांडाराच्या ओळीत तेच नाव हाताने लिहावं लागतं. चालतं, पण पहिल्यांदा रॉस टाकणाऱ्याने साधं उबुंटूच घ्यावं.

त्यानंतर, रॉसला हात लावायच्या आधी, सगळी सिस्टिम अपडेट करा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक सोडतात. २२.०४ च्या ताज्या इन्स्टॉलेशनवर सिस्टमडी आणि युडेव्ह हे सिस्टिमचे मूळ भाग अपडेट न करता हंबल टाकलं तर सिस्टिमची महत्त्वाची पॅकेजेसच काढली जाण्याचा धोका असतो; रॉसच्या स्वतःच्या कागदपत्रांत तशी सूचना आहे. वसतिगृहाच्या नेटवर अर्धा तास लागेल, लागू द्या.

आज्ञा अधिकृत पानावरूनच घ्या, जुन्या व्हिडिओवरून नको. रॉसच्या भांडाराची सही करणारी जुनी किल्ली जून २०२५ मध्ये कालबाह्य झाली आणि भांडार जोडायची पद्धत बदलली. त्याआधीचे धडे आज सहीच्या चुकीवर अडकू शकतात. लॅपटॉपवर 'डेस्कटॉप' संच टाका, रोबोवरच्या बोर्डावर 'बेस' पुरे. बोर्डाला चित्र दाखवायची साधनं लागत नाहीत.

ॲनाकोंडा (स्वतःचं पायथन सोबत आणणारा संच) आधीपासून असेल तर त्याचं आपोआप सुरू होणं बंद करा. त्याचं पायथन पुढे येऊन उभं राहतं आणि कोलकॉनने (रॉसचा कोड बांधायच्या साधनाने) बिल्ड करताना 'मॉड्यूल सापडत नाही' अशा ओळी यायला लागतात. पॅकेज शक्यतो एपीटीने घ्या. २४.०४ वर पिपने (पायथनच्या पॅकेज साधनाने) थेट टाकायला गेलात तर सिस्टिम स्वतःच अडवते, आणि ती अडवणूक तोडायचा पर्याय वापरू नका. त्याऐवजी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, बंदिस्त जागा) बनवा.

पायरी ६: तपासणी

दोन टर्मिनल उघडा. एकात सी++ मधला टॉकर (संदेश पाठवणारा नमुना नोड), दुसऱ्यात पायथनमधला लिसनर (तो ऐकणारा). मुद्दाम वेगवेगळ्या भाषांतले घ्यायचे, म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी तपासल्या जातात. एकीकडून 'हॅलो वर्ल्ड' निघून दुसरीकडे आकड्यासकट उमटायला लागलं की पाया भरला.

आता हार्डवेअर जोडा. २२.०४ वर इथे एक हमखास अनुभव येतो. आर्डुइनोचा स्वस्त क्लोन किंवा लायडार यूएसबीला लावला, क्षणभर पोर्ट दिसलं आणि गायब झालं. केबल बदलली, पोर्ट बदललं, बोर्ड मेला असं वाटून नवा आणला, तरी तेच. मी स्वतः एका मुलीच्या हातातला शाबूत बोर्ड कचऱ्यात जाताना थांबवला आहे. दोषी असतं 'बीआरएलटीटीवाय' नावाचं पॅकेज. अंध व्यक्तींच्या ब्रेल उपकरणांसाठी ते सोबत येतं, आणि सीएच३४० किंवा सीपी२१०२ या चिपला ब्रेलचं उपकरण समजून पोर्ट ताब्यात घेतं. तुमच्या मशीनवर ब्रेल उपकरण वापरात नसेल तर ते पॅकेज काढा, केबल पुन्हा लावा. त्यानंतरही 'परमिशन डिनाइड' आलं तर स्वतःला 'डायलआउट' गटात घाला आणि एकदा लॉगआउट करा.

रोबो आणि लॅपटॉप यांच्यावर रॉसची आवृत्ती एकच ठेवा. हंबल आणि जॅझी काही वेळा एकमेकांशी बोलताना दिसतात, पण त्याची हमी कुणी देत नाही, आणि अर्धवट पोचणारे संदेश शोधून काढणं फार जिकिरीचं असतं. प्रयोगशाळेत एकाच वायफायवर चार टीम असतील तर प्रत्येकीने वेगळा डोमेन आयडी (रॉसमधला गटाचा आकडा, एकाच आकड्यावरचे नोड एकमेकांना दिसतात) घ्या, ० ते १०१ मधला कुठलाही. सगळेच मूळच्या ० वर राहिले तर तुमच्या जॉयस्टिकने शेजारच्या टेबलावरचा रोबो धावतो. तो टेबलावरून खाली पडताना मी पाहिला आहे.

चालू झाल्यावर

काही महिन्यांनी उबुंटू स्वतःच विचारेल: नवी आवृत्ती आली आहे, अपग्रेड करायचं? नाही म्हणा. ते अपग्रेड बाहेरची भांडारं बंद करतं, पायथन बदलतं, आणि रॉस तिथल्या तिथे मोडतं. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' उघडून नव्या आवृत्तीची सूचना 'नेव्हर'वर ठेवा, म्हणजे घाईत कुणाचं बोट तिथे पडणार नाही. रोजचे सुरक्षा अपडेट मात्र घेत राहा. त्याने आवृत्ती बदलत नाही. रॉसची पुढची आवृत्ती हवी असेल तेव्हा नवं उबुंटू कोऱ्या पार्टिशनवर टाका आणि कोड तिकडे न्या. जुनं चालू असलेलं महिनाभर तसंच ठेवा.

टर्मिनल उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये एकाच रॉसची सेटअप ओळ असू द्या. जुन्या प्रयोगातली ओळ वर आणि नवी खाली राहिली की दोन्हींचे मार्ग एकमेकांत मिसळतात.

शेवटी एक चिठ्ठी लिहा आणि रोबोच्या तळाला चिकटपट्टीने लावा. बोर्डाचं पूर्ण नाव, जेटपॅक असेल तर त्याचा आकडा, उबुंटू, रॉस, गझिबो, पायथन, लायडारचं फर्मवेअर, डोमेन आयडी आणि तारीख. आमच्या एका रोबोच्या पोटाला अशी चिठ्ठी आहे, तीन बॅचच्या तीन वेगळ्या अक्षरांत. नवी मुलं येतात तेव्हा आधी रोबो उलटा करून ती वाचतात, आणि मगच आयएसओ फाइल उतरवायला घेतात.